मुराळ्याची जीप

गाडी घ्यावी, पण लष्कराने टाकलेली घेऊ नये. लष्कर काही खुळं नाही. जिच्यात थोडी जरी धुगधुगी उरलेली आहे अशी वस्तू लष्कर टाकत नाही, हे कोपरगावच्या रंगनाथराव टेक्यांना सोडून बाकी सगळ्या नगर जिल्ह्याला ठाऊक होतं. पण रंगनाथराव पडले खरेदी-विक्री संघाचे हेडक्लार्क. जन्मभर दुसऱ्यांची खरेदी आणि दुसऱ्यांची विक्री लिहीत आलेले. स्वतःची अशी ही पहिलीच मोठी खरेदी. नगरच्या लिलावात त्यांनी हात वर केला आणि बाकी सगळ्यांचे हात खाली आहेत हे त्यांना त्यानंतर दिसलं.

जीप घरी आली ती उसाच्या ट्रेलरवर बसून. जिच्यात आपण बसून यायचं तीच दुसऱ्याच्या गाडीत बसून आली म्हटल्यावर गल्लीत जे काय हसं झालं ते झालंच. रंगनाथरावांची बायको रतनबाई दारात उभी होती. तिने जीप पुढून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणाली, "लढाईत होती म्हणे. हरलेल्या बाजूला होती का?"

आता हेडक्लार्कला जीप कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. विचाराच. दिवाळीला बहिणीला माहेरी आणायला जो भाऊ जातो त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. रंगनाथरावांची धाकटी बहीण राहीबाई पाथर्डीकडच्या तिसगावात दिलेली. दोन वर्षांमागे हे तिला आणायला गेले, येताना नगरच्या स्टँडवर एस.टी. चुकली आणि पुढची येईपर्यंत राही तिथल्या एका कांद्याच्या गोणीवर टेकली. टेकली तर टेकली. पण तिसगावच्याच कुणा परोपकारी माणसाने ते पाहिलं आणि तिचे सासरे काकासाहेब यांच्या कानावर घातलं. काकासाहेब म्हणजे मिशीला रोज तेल लावणारा माणूस. ते कडाडले, "आमची सून कांद्याच्या गोनीवर? आता मुराळी सोताची गाडी घिऊन यील तवाच पोरगी उंबरा वलांडंल!"

यावर शहाण्याने काय करावं? गप्प बसावं, चार दिवसांनी पुन्हा जावं, पाया पडावं. पण हेडक्लार्कचा अपमान झाला होता ना! "गाडीच घेऊन येतो," असं हे बोलून बसले आणि मग मागची दिवाळी राहीशिवाय गेली. आई भीमाबाईंनी तिच्या वाटणीचे अनारसे डब्यात झाकून ठेवले. संक्रांत गेली तरी ते डब्यातच. शेवटी त्यांनी ते गाईला घातले आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. यंदा नवरात्र संपताच त्या एवढंच म्हणाल्या, "ह्या दिवाळीला तरी आन रं तिला. माझ्या किती दिवाळ्या राहिल्यात?" त्यानंतर रंगनाथरावांनी लिलावात हात वर केला नसता तर तो माणूसच नव्हे. वसुबारसेला जीप तिसगावात पोचलीच पाहिजे, असा त्यांनी पण केला.

अडचण एवढीच की जीप चालत नव्हती.

पहिला सल्लागार आला तो शेजारचा आसाराम. आसाराम एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. मोटारीतलं त्याला सगळं कळे. म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागचं सगळं कळे. त्याने मागची फळी तीनदा उघडली, तीनदा लावली, आणि "माल चांगलाय भाऊसाहेब, निस्ता पुढचा भाग बघून घ्या," असा निकाल दिला. वर टपाच्या गजाला त्याने स्वतःच्या हाताने एक पितळी घंटी आणि सुतळी बांधून दिली. गाडीत चालू स्थितीत असलेली ती पहिली वस्तू.

पुढचा भाग बघायला अलीम मिस्त्री आला. अलीमभाई विहिरीवरच्या इंजिनांचा मिस्त्री. गोदाकाठच्या सगळ्या मळ्यांत त्याचा हात फिरलेला. "इंजिन ते इंजिन, भाऊसाहेब. विहिरीवर काय अन् गाडीत काय! ह्यात पानी वर येतं, त्यात मानूस पुढं जातो. इतकाच फरक." त्या इतक्याच फरकाने रंगनाथरावांचा उरलेला आश्विन खाल्ला. अलीमभाईने वर्षानुवर्षं न बदललेलं तेल काढलं, तेव्हा ते तेल आहे की डांबर यावर गल्लीत दोन तट पडले. प्लग बदलले, पट्टा बदलला, ब्रेकचे जोडे बदलले. सेल्फ काढून ठेवला, का, तर विहिरीवरच्या इंजिनाला तो नसतो. हँडल मारलं की झालं. आणि खरंच, एके दिवशी इंजिन भडभडून सुरू झालं. एका जागी उभं राहून ते झकास चालायचं. पुढे सरकायचं म्हटलं की मात्र त्याला राग यायचा. शिवाय दोन तास चाललं की अलीमभाई ते बंद करायला लावी आणि म्हणे, "विहीर भरू द्या."

राहता राहिला रेडिएटर. तो थेंबथेंब गळत होता. अलीमभाईने घरातून वाटीभर हळद मागवली आणि टोपण उघडून आत टाकली. हळद फुगते, भोक बुजतं, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. पण हे भीमाबाईंनी ओट्यावरून पाहिलं. "हितून पानी पिती व्हय ही?" त्यांनी विचारलं. "हितूनच," अलीमभाई म्हणाला. म्हातारीच्या मनात एक हिशेब बसला. उन्हातान्हातून दारी आलेल्याला कुणी नुसतं पाणी देतं का? निदान गुळाचा खडा? आणि हळद वाहिली, मग गोडाचं नको? तिने त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला, कुणाला न सांगता, टोपण उघडून जीपला गुळाचा खडा द्यायला सुरुवात केली. कोपरगावात गुळाला काय तोटा? पुढे चार दिवसांनी बोनेटवरून मुंगळ्यांची रांग लागली. आसारामने ती पाहून सांगितलं की मुंगळे लागणं हा गाडीला शुभशकुन असतो. हे तो कुठल्या डेपोत शिकला होता कोण जाणे!

मग मोटारींची कचेरी. तिथले साहेब महिन्यातून एकदा गावात कॅम्पाला येत. त्यांच्या कारकुनाने लष्कराचा कागद वाचला आणि म्हणाला, "ही गाडी बाद झालेली आहे. बाद गाडीला नंबर देता येत नाही."

"अहो, बाहेर उभी आहे ती! इंजिन चालू आहे. आवाज ऐका की."

"उभी असेल. कागदावर ती मेलेली आहे."

रंगनाथरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलतात काय? जिवंत म्हाताऱ्यांना हयातीचा दाखला आणायला लावण्यात त्यांची स्वतःची अर्धी नोकरी गेली होती. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले, हॉर्न वाजवून पाहिला, तो वाजला, आणि जीप जिवंत ठरली. "पण हा हिरवा रंग चालणार नाही," साहेब म्हणाले. "हा लष्कराचा. दुसरा कुठलाही लावा."

दुसरा कुठलाही रंग लावायला मच्छिंद्र पेंटरशिवाय गावात दुसरा कुणी मोकळा नव्हता. मच्छिंद्रही मोकळा नव्हताच. वर्षभर त्याच्याकडे सरकारी काम होतं. तालुक्यात जी भिंत सापडेल ती पिवळी करायची, तिच्यावर लाल त्रिकोण काढायचा, खाली 'दोन किंवा तीन, पुरेत' असं लिहायचं. कुटुंबनियोजनाचा जोर होता. उरलेला पिवळा ऑइलपेंट त्याच्याकडे होता. "पिवळी करतो. हळदीच्या नवरीवानी दिसंल," तो म्हणाला. रंगनाथराव ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर जीप पिवळीधमक, सुंदर, आणि बोनेटवर मधोमध परातीएवढा लाल त्रिकोण.

"अरे, हे काय केलंस?"

मच्छिंद्रने स्वतःच चकित होऊन पाहिलं. "च्यायला! हात थांबलाच न्हाई बघा, भाऊसाहेब. पिवळं दिसलं की हात आपोआप तिकडं जातो."

ऑइलपेंट संपला होता. दुसरा आणायला वेळ नव्हता, उद्याच वसुबारस. मच्छिंद्रने भिंतीला लावायचा पिवळा डिस्टेंपर कालवला आणि त्रिकोणावर दोन हात मारून तो झाकून टाकला. "पावसाळा सरला. आता त्याला कोन धुतोय?" तो म्हणाला, आणि रंगनाथरावांना ते पटलं.

सकाळी भीमाबाईंनी जीपला ओवाळलं. चाकांवर पाणी घातलं, लांबच्या वाटेला निघालेली म्हणून गुळाच्या ढेपेचा चांगला मोठा तुकडा मागल्या दाराने येऊन टोपणाआड टाकला आणि मग पुढल्या दाराने येऊन लेकाच्या हातावर दही घातलं. "रिकामा येऊ नगंस," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. रंगनाथरावांनी मान हलवली. अलीमभाईने हँडल मारलं, मागे बसलेल्या आसारामने दोनदा घंटी दिली आणि जीप गल्लीतून निघाली. तिच्यामागे लोक जरा आदरानेच पाहत होते. निदान रंगनाथरावांना तसं वाटलं.

राहुरीपर्यंत तसं बरं चाललं. फक्त आसारामचा हात एस.टी.चा थांबा दिसला की सुतळीकडे जाई. एक घंटी म्हणजे थांबा. आणि जन्मभर एस.टी.त बसलेल्या रंगनाथरावांचा पाय घंटी ऐकली की ब्रेकवर जाई. गाडी थांबे, बंद पडे, आणि खाली उतरून हँडल मारावं लागे. "उतरणारं कुणी हाय का?" आसाराम वर विचारी. रंगनाथराव दात खाऊन म्हणत, "मी उतरतोय!"

नगर मागे पडलं आणि करंजी घाटाच्या तोंडाशी जीपने पहिला सुस्कारा सोडला. बोनेटच्या फटींतून पांढरी वाफ निघाली. आणि वास! वास असा सुटला की रस्त्याने जाणारे दोन गाडीवान बैल थांबवून उतरले आणि विचारू लागले, "गुऱ्हाळ कुठंशी लागलंय?" रंगनाथरावांनी टोपण उघडलं तर आत पिवळी काकवी रटरटत होती. त्यांना क्षणात सगळं कळलं. आईवर रागवावं तर ती कोपरगावात, आणि ज्या मायेने तिने हे केलं त्या मायेवर रागवायचं तरी कसं? ते आसारामवरच रागावले. तो जवळ होता.

आसारामने शेजारच्या हॉटेलाच्या पिंपातून बादल्या आणल्या. आता वाफ निघते ती रेडिएटरमधून; पाणी तिथे घालावं. पण एस.टी. धुवायची ती वरून, हा त्याचा नेम. रंगनाथरावांनी बोनेट आपटून लावताच याने तीन-चार बादल्या बोनेटवर ओतल्या. भिंतीचा डिस्टेंपर तो. मऊ झाला, ओघळला आणि रस्त्याला लागला. मधला लाल त्रिकोण न्हाऊनमाखून वर आला. रंगनाथरावांनी कपाळाला हात लावला. मग खांद्यावरचं उपरणं त्याच्यावर पसरून चारी टोकं बांधली. घाटातला वारा ते पहिल्याच वळणावर घेऊन गेला.

उतार असल्यामुळे घाट जीपने इंजिनाच्या मदतीशिवाय पार पाडला आणि ती वेगानेच तिसगावात शिरली.

ते कुटुंबनियोजनाचे दिवस आठवा. खेड्यात जीप यायची ती सरकारचीच. आणि सरकार कशासाठी येतं ते पुरुषमाणसांना पक्कं माहीत झालं होतं. शेजारच्या गावी नसबंदीचं शिबिर झालं होतं, आणि तिथून माणसं बादली अन् प्लॅस्टिकचा डबा घेऊन घरी कशी चालत आली याच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या जात होत्या. तर अशा त्या तिसगावच्या पेठेत दिवाळीच्या बाजाराच्या गर्दीत एक पिवळी जीप शिरली, तिच्या कपाळावर लाल त्रिकोण होता आणि मागे एक खाकी कोटातला माणूस घंटी वाजवत, शिट्टी फुंकत "चला, चला, बाजूला!" ओरडत होता.

"आली रं! आपरेशनची गाडी आली!"

बाजार पांगला म्हणणं कमीच. हॉटेलातला माणूस चहा उकळता टाकून पळाला. न्हाव्यापुढे बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने पळालं आणि त्याच्यामागून वस्तरा घेतलेला न्हावीही पळाला, त्यामुळे गिऱ्हाईक आणखी जोरात पळालं. पेठेत बाया, कोंबड्या आणि एक आंधळा गोसावी एवढेच राहिले. "मान हाय हो भाऊसाहेब गाडीला," आसाराम म्हणाला.

काकासाहेबांच्या दारात त्यांची बायको बनुबाई कमरेवर हात देऊन उभी होती. "बाप्ये समदे रानात गेल्यात," ती गाडीकडे न बघताच म्हणाली. "कदी येतील सांगता येत न्हाई. माघारी जावा."

"मावशी, मी रंगनाथ. राहीचा भाऊ. मुराळी आलोय."

बनुबाईने डोळे बारीक केले. तेवढ्यात आतून राही धावत आली. "दादा!" ती नुसती भावाकडे बघत राहिली. घामाने थबथबलेला, कपाळाला काजळी, सदऱ्यावर काकवी. रंगनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पोर वाळली होती.

त्याच वेळी आतल्या खोलीतल्या धान्याच्या कणगीतून दबका, पण ताठ मिशीचा आवाज आला, "त्यांना म्हनावं, माजं आदीच झालंय!"

राही हसली. तोंडाला पदर लावून, वाकून, भिंतीला धरून हसली. बनुबाईने सुनेला दटावायला तोंड उघडलं आणि तीही खाली बसून हसू लागली. कणगीचं झाकण उचललं गेलं. काकासाहेब बाहेर आले. मिशीत ज्वारी, कानात ज्वारी, धोतराच्या सोग्यात पायलीभर ज्वारी. समोर आपरेशनवाल्या साहेबाच्या जागी सुनेचा भाऊ उभा.

"ही गाडी?" ते गरजले. गरजण्यावाचून त्यांना दुसरा मार्गच नव्हता. "ही गाडी आनायला सांगितली हुती मी? गावात माजं हसं करायला आलाय व्हय, पाव्हनं? न्हाई धाडायची पोरगी. आता तर मुळीच न्हाई!"

रंगनाथरावांनी अख्ख्या जन्मात कुणाला आवाज चढवला नव्हता. वरच्यांना तर नाहीच. पण आता चढला. "काकासाहेब, तुमच्या शब्दापायी मी ही मेलेली गाडी उठवून बसवली. तिकडे माझी आई यंदाच्या अनारशांच्या डब्यावर हात ठेवून बसते. गाडी आणीन तेव्हा धाडीन म्हणालात. गाडी आणली! आता तुमच्या शब्दाचं काय ते तुम्ही बघा."

काकासाहेबांनी मिशीवर हात फिरवला, ज्वारी गळली. दाराबाहेर आता माणसं जमू लागली होती. ही आपरेशनची गाडी नव्हे, काकासाहेबांचे पाव्हणे आलेत, हे कळल्यावर जो तो आपण पळालोच नव्हतो असं दुसऱ्याला सांगत होता. "काकासायेब, तुमी कुठं हुता वो?" कुणीतरी विचारलं.

बनुबाई उठली. नवऱ्याच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाली, "पोरीला धाडता, का सांगू समद्यांना कनगीचं?"

काकासाहेब लगेच वळले. "अरं, बघता काय? पाव्हन्यांना पानी द्या! रंगनाथराव, गाडी लई भारी हाय तुमची. राही, आवर गं लवकर."

राही आवरून आली, जीपमध्ये चढून बसली. सगळा गाव बघत होता. आसारामने दोनदा घंटी दिली. रंगनाथरावांनी हँडल मारलं. पुन्हा मारलं. इंजिनात गूळ घट्ट बसला होता. ते हूं की चूं करेना. ही पिवळी अवदसा आता दिवाळीभर आपल्या दारात त्रिकोण मिरवत उभी राहणार, हे ध्यानात येताच काकासाहेबांनी स्वतःच्या हाताने खिल्लारी जोडी सोडून आणली. वसुबारस, गाय-वासराला ओवाळायचा दिवस. त्या दिवशी बैलांनी तिसगावच्या पेठेतून जीप ओढली. आत बहीण राणीसारखी बसलेली. एस.टी.च्या थांब्यापर्यंत तिला आणून सोडलं आणि जीप बैलांमागे गुमान परत फिरली. काकासाहेबांच्या कडब्याच्या गंजीआड तिला झाकून ठेवायचं ठरलं.

एस.टी.त जागा नव्हती. कुणाचीतरी कांद्याची गोणी होती मध्ये. राही त्या गोणीवर फतकल घालून बसली. रंगनाथराव इकडे तिकडे तिसगावचं कुणी बघतंय का ते पाहू लागले, तेव्हा तिने त्यांच्या सदऱ्याला धरून ओढलं.

"दादा, तुजी सायकल हाय का रे अजून?"

"हाय की."

"मग पुढल्या साली सायकलीवर ये. चालत ये. पर ये." ती म्हणाली, आणि मग एवढा वेळ आवरलेलं रडून घेतलं. रंगनाथरावांनी नगर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं. आसारामने त्या एस.टी.च्या कंडक्टरला घंटी कशी द्यावी ते शिकवलं.

कोपरगावला पोचले तेव्हा भीमाबाई भाकरतुकडा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीवरून तो ओवाळून टाकला, तिचं तोंड कुरवाळलं, तिला पोटाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग डोळे पुसून त्यांनी लेकाच्या मागे रिकाम्या गल्लीत पाहिलं.

"गाडी कुठंय रे?"

"राहीच्या सासरी ठेवली, आई."

भीमाबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अरं, मग दिवाळीला त्या गाडीला आनायला मुराळी कोन जानार?"